थर्माकोलचा ग्लायडर लांब का जातो? मोजून बघू या

इंजिन नाही, मोटर नाही, रिमोट नाही. तरी खांद्याच्या उंचीवरून नीट सोडलेला मीटरभर पंखांचा ग्लायडर बारा-तेरा मीटर पुढे जाऊन गवतात टेकतो. मागून ढकलणारं कोणी नसताना तो पुढे जातो कसा? नागपुरात आम्ही काही मोठी माणसं आणि शाळकरी मुलं मिळून ग्लायडर बनवतो, आणि गटात नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक मूल हेच विचारतं. प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर कळलं की पंख केवढा, शेपटी कुठे, वजन किती, हे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

सेमिनरी हिल्सच्या उतारावरून सायकल पेडल न मारता खाली येते, तसंच हे आहे. सायकल उंची खर्च करून वेग टिकवते. ग्लायडरही तेच करतो, फक्त त्याचा उतार हवेतला असतो आणि तो किती तीव्र असेल हे ग्लायडरच्या रचनेवर ठरतं. पंख हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंखाला वर उचलते, ही उचल. हवा अंगावर घासते, टोकांशी भोवरे करते आणि ग्लायडरला मागे खेचते, हा रोध. उचल रोधाच्या आठपट असेल तर एक मीटर उंची खर्चून ग्लायडर आठ मीटर पुढे जातो. याला ग्लाइड रेशो म्हणतात. माणसं बसून उडवतात त्या स्पर्धेच्या ग्लायडरांचा हा आकडा चाळीस-पन्नासच्या पुढे असतो. घरी बनवलेल्या छोट्या ग्लायडरनं सहा ते दहा दिला तर तो उत्तम समजावा.

आता वजन. ‘हलका असेल तर लांब जाईल’ असं बहुतेकांना वाटतं, पण उताराचा कोन ठरतो उचल आणि रोध यांच्या प्रमाणावरून, आणि त्या प्रमाणात वजन येतच नाही. एकाच आकाराचे दोन ग्लायडर घ्या, एक १०० ग्रॅमचा आणि एक १५० ग्रॅमचा. शांत हवेत, आपापल्या योग्य वेगानं सोडले तर दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर उतरतील. जड ग्लायडर तिथे लवकर पोचेल, एवढंच. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दीडपट वजनाला सुमारे १.२२ पट वेग. मग हलकं बनवायचं कशासाठी? आपटतानाची ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग अशी वाढते. दीडपट वजनाचा ग्लायडर सव्वादोनपट ऊर्जेनं आपटतो आणि पहिल्याच सकाळी त्याचं नाक तुटतं. शिवाय हळू उडणाऱ्या ग्लायडरचं वागणं डोळ्यांना दिसतं. शिकण्यासाठी हळू ग्लायडरच हवा.

कागदावर ग्लायडर

कात्री हातात घेण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिलीला द्यावी. मी सुचवतो तो आकार असा: पंखाचा विस्तार १०० सेंटीमीटर, रुंदी १२ सेंटीमीटर, सगळीकडे सारखी. टोकाकडे निमुळता पंख देखणा दिसतो, पण इतक्या लहान आकारात निमुळती टोकं आधी उचल सोडतात आणि ग्लायडर एका अंगावर कोसळतो. सरळ आयताकृती पंख कापायला सोपा आणि चुकांना माफ करणारा. क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटीमीटर. एकूण वजन १०० ग्रॅम धरलं तर गणितानं त्याचा नैसर्गिक वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर येतो, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. रमतगमत चालवलेल्या सायकलीएवढा. ग्लाइड रेशो आठ असेल तर तो सेकंदाला साधारण ६० सेंटीमीटर उंची गमावतो.

शेपटीचं काम पंखाला योग्य कोनात धरून ठेवण्याचं. ती किती मोठी हवी, हे ती पंखापासून किती दूर आहे यावर ठरतं. पंख आणि शेपटी जोडणारी दांडी लांब असेल तर लहान शेपटी पुरते, आखूड असेल तर मोठी लागते. म्हणून शेपटीचं क्षेत्रफळ आणि पंखापासूनचं अंतर यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी यानं भागायचं. उत्तर ०.४ ते ०.५ च्या आसपास आलं की शेपटी ठीक. आपल्या ग्लायडरसाठी २८ बाय ७ सेंटीमीटरची आडवी शेपटी पंखापासून ३६ सेंटीमीटर मागे लावली तर आकडा ०.४९ येतो. उभ्या शेपटीला सुमारे ७० चौरस सेंटीमीटर पुरतात. मुलांना हे गुणाकार स्वतः करू द्यावेत. एकदा केले की दुसऱ्या कुणाच्या ग्लायडरकडे बघूनच ती म्हणतात, ‘याची शेपटी आखूड पडून राहिली नं.’ आणि बहुतेक वेळा ती बरोबर असतात.

पंखांना वरच्या बाजूला हलका इंग्रजी व्हीसारखा उठाव द्यायचा. मधल्या जोडापेक्षा प्रत्येक टोक साडेपाच सेंटीमीटर वर, म्हणजे सहा अंशांच्या किंचित पुढे. यामुळे ग्लायडर कलला तर स्वतःच सरळ होतो. याचं जे कारण बऱ्याचदा सांगितलं जातं ते अपुरं आहे: खाली गेलेला पंख आडवा होतो म्हणून जास्त उचलतो, असं म्हणतात. खरं तर कललेला ग्लायडर त्या बाजूला घसरू लागतो. घसरताना बाजूनं हवा येते, आणि पंखांच्या उठावामुळे खालच्या पंखाला ती जास्त कोनात भेटते, वरच्याला कमी. खालच्या पंखाची उचल वाढते आणि तो वर येतो. म्हणजे आधी थोडं घसरणं, मग सावरणं. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं.

एक बिंदू

सगळ्या रचनेत सगळ्यांत जास्त लक्ष मागणारी गोष्ट म्हणजे गुरुत्वमध्य, वजनाचा तो बिंदू जिथे ग्लायडर दोन बोटांवर तोलला जातो. इंग्लंडमधल्या जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये जो छोटा ग्लायडर बनवला, त्यात साधारण दीड मीटरच्या दांडीवर पतंगासारखा पंख होता, मागे कोन बदलता येणारी शेपटी होती आणि पुढे सरकवता येणारं वजन होतं. दोनशेहून जास्त वर्षं झाली, आपण आजही त्याच दोन गोष्टी हलवतो: शेपटीचा कोन आणि नाकावरचं वजन. जर्मनीच्या ऑटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली. ते ग्लायडरला लोंबकळून, स्वतःचं शरीर पुढे-मागे हलवून हा बिंदू सांभाळायचे. ऑगस्ट १८९६ मध्ये त्यांचा ग्लायडर हवेत उचल हरवून कोसळला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. पुढे विमानं बनवणाऱ्या अनेकांनी त्यांची आकडेवारी अभ्यासली.

आपल्या ग्लायडरमध्ये सुरुवातीला हा बिंदू पंखाच्या पुढच्या धारेपासून ३० टक्क्यांवर ठेवायचा, म्हणजे १२ सेंटीमीटरच्या पंखावर ३.६ सेंटीमीटर मागे. पंखाच्या खाली दोन्हीकडे पेनानं ठिपका काढून ठेवा. बिंदू मागे मागे नेत गेलं तर एक जागा अशी येते की शेपटी ग्लायडरला सावरू शकत नाही. या रचनेत ती साधारण ४० ते ४५ टक्क्यांवर असेल. तिच्या पुढे राहिलो तर ग्लायडर स्थिर, मागे गेलो तर जगातला कोणताही कुशल हात त्याला सरळ उडवू शकणार नाही.

इथे एक छोटं गणित खूप कामाचं आहे. नाक बिंदूपासून २० सेंटीमीटर पुढे असेल तर नाकावर लावलेली एक ग्रॅम मेणमाती बिंदूला जवळपास २ मिलीमीटर पुढे आणते. शेपटी ३६ सेंटीमीटर मागे आहे. तिथे चढलेला एक ग्रॅम बिंदूला साडेतीन मिलीमीटरहून जास्त मागे ओढतो. म्हणून शेपटीला लावलेला जास्तीचा फेविकॉल, हौसेनं चिकटवलेला रंगीत कागद, स्टिकर, या प्रत्येक ग्रॅमची भरपाई नाकावर पावणेदोन ग्रॅमनं करावी लागते. रंगवायचं असेल तर नाक रंगवा. शेपटी कोरीच ठेवा.

बिंदू जागेवर असला तरी पंख आणि शेपटी एकमेकांना समांतर लावून चालत नाही. पंखाचा कोन शेपटीपेक्षा दोन-अडीच अंश जास्त हवा. अंश मोजायला कंपासपेटी आणायची गरज नाही: १२ सेंटीमीटरच्या पंखाच्या पुढच्या धारेखाली ५ मिलीमीटरची पट्टी सरकवली की जवळपास अडीच अंश होतात. हा फरकच ग्लायडरला एका ठरावीक वेगाला बांधून ठेवतो. वेग वाढला तर नाक वर उचललं जातं, वेग कमी झाला तर नाक खाली येतं. गुरुत्वमध्य आणि हा कोन, दोघं मिळून ग्लायडर कोणत्या वेगानं उडणार ते ठरवतात.

साहित्य, आणि पातळ पंखाचं कारण

बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड मिळालं तर छानच, पण त्यावाचून अडत नाही. टीव्ही, कूलर, फ्रिजच्या खोक्यातून येणारा पांढरा थर्माकोल पुरेसा सपाट असेल तर तोच वापरावा. सजावटीच्या आणि ताट-वाट्यांच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा नवीन आणण्यापेक्षा पॅकिंगमधून निघालेला वापरलेला बरा. १ सेंटीमीटर जाडीचा, १०० बाय १२ चा तुकडा वीस-बावीस ग्रॅम भरतो. नुसता थर्माकोल वाकतो, म्हणून पंखाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, लांबीभर, बांबूची कामटी बसवायची. नागपुरात ही गोष्ट सहज मिळते: बुरडांकडे चिरलेला बांबू असतो आणि महाल-इतवारीकडे संक्रांतीच्या आधी पतंगाच्या कामट्या मिळतात. पतंगाची कामटी मुद्दाम सारख्या जाडीची सोललेली असते, त्यामुळे दोन्ही पंख सारखेच वाकतात. चिकटवायला पांढरा फेविकॉल. फेविक्विक किंवा पेट्रोलसारख्या वासाचे गोंद थर्माकोल विरघळवतात, ते हातात येऊच देऊ नका. फेविकॉल वाळायला रात्र जाते, ती जाऊ द्यावी.

पंखाचा आकार पाहताना मुलं मोठ्या विमानाचा जाडजूड, थेंबासारखा पंख कापायला निघतात. इथे थांबवावं लागतं. हवेला थोडा चिकटपणा असतो. मोठ्या, वेगवान विमानाला तो जाणवतही नाही. आपल्या इवल्या, हळू पंखाला मात्र तो चांगलाच जाणवतो. हे मोजायला रेनॉल्ड्स अंक वापरतात: वेग गुणिले पंखाची रुंदी, भागिले हवेचा चिकटपणा. माणूस बसतो त्या ग्लायडरसाठी हा अंक दहा लाखांच्या वर असतो. आपल्यासाठी तो चाळीस हजारांच्या आसपास येतो. एवढ्या लहान अंकाला जाड पंखावरची हवा पाठीवरून लवकर सुटते आणि उचल कोसळते. पातळ, किंचित कमानदार पंख इथे सरस ठरतो. तेव्हा थर्माकोल पुढून गोल, मागे निमुळता घासा, आणि जाडी ८ मिलीमीटरच्या खालीच राहू द्या.

पंख तयार झाला की मागून, डोळ्याच्या रेषेत धरून बघा. एका टोकाची मागची धार दुसऱ्यापेक्षा २ मिलीमीटर खाली असली तरी तो एक अंशाचा पीळ झाला, आणि ग्लायडर वळत जाऊन भिंतीवर आदळायला तेवढा पुरेसा आहे. दोन्ही टोकांच्या मागच्या धारा मध्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटर वर असतील तर मात्र चांगलं. मग उचल आधी मधल्या भागात सुटते, टोकं शेवटपर्यंत धरून ठेवतात.

फेकणं म्हणजे मोजणं

गट लागतो तो इथे. ग्लायडर एकटा माणूस बनवू शकतो, पण त्याची नीट चाचणी एकट्याला घेता येत नाही. फेकणारा एकच आणि कायम तोच. दोघं टेप धरून. एक जण बाजूला, दहा पावलांवर, मोबाइलनं व्हिडिओ काढत. एक जण वही घेऊन. वहीवाल्याचं काम मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो आणि ते दर सकाळी वेगळ्या मुलाला देतो. फेकण्याआधी त्यानं गटाचा अंदाज लिहायचा: ‘मेणमाती २ ग्रॅम काढली, आता नाक वर जाईल.’ मग फेक. मग जे झालं ते. अंदाज आधी लिहिला नाही तर प्रत्येकाला नंतर वाटतं की आपल्याला हे माहीतच होतं.

मैदानावर पहिली आरोळी हमखास येते, ‘अबे, जोरात फेक नं!’ जोरात फेकलं की काय होतं ते आकड्यांत पाहू. आपला ग्लायडर सेकंदाला ५ मीटरनं उडतो. तो ७ मीटरनं फेकला तर जास्तीच्या वेगात जी ऊर्जा आहे, ती १.२ मीटर उंचीएवढी भरते. खांद्याची उंची मुळात दीड-पावणेदोन मीटर. म्हणजे हातानं गुपचूप जवळपास पाऊण खांदा आणखी उंची दिली. अंतर वाढतं आणि सगळे टाळ्या वाजवतात, पण वाढलेलं अंतर हाताचं असतं, ग्लायडरचं नव्हे. फेकणाऱ्यानं नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, ग्लायडरच्या स्वतःच्या वेगानं, ढकलल्यासारखं न करता सोडायला शिकायचं. यासाठी शांत हात हवेत. धडधडत धावत येणारा मुलगा हे काम करू शकत नाही. वेग तपासायची सोपी रीत आहे: मैदानात ४ मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा आणि बाजूनं व्हिडिओ काढा. बहुतेक फोन सेकंदाला ३० चित्रं टिपतात. ५ मीटरच्या वेगाला दोन काठ्यांमध्ये २४ चित्रं येतात. सुरुवातीलाच चित्रं कमी भरली तर फेक जोरात होती, ती नोंद वहीत वेगळी करायची.

दुसरा चोर म्हणजे वारा. सेकंदाला दीड मीटरचा वारा अंगाला जेमतेम जाणवतो. अगरबत्तीचा धूर कलतो, पान हलत नाही. तेरा मीटरच्या उड्डाणाला अडीच सेकंद लागतात, तेवढ्यात हा वारा ग्लायडरला जवळजवळ ४ मीटर मागे किंवा पुढे नेतो. वाऱ्याविरुद्ध ९ मीटर, वाऱ्याबरोबर १७ मीटर, ग्लायडर तोच. म्हणून प्रत्येक मांडणीला दोन्ही दिशांना फेकायचं आणि सरासरी घ्यायची. नागपुरात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यांत चांगल्या. सूर्य उगवता उगवता हवा अगदी स्तब्ध असते. साडेआठ-नऊनंतर जमीन तापायला लागते, हवा जागोजागी वर उठते आणि मोजमाप बिघडतं. मार्चपासून तर हा वेळ आणखी आखूड होतो. हॉल मिळाला तर उत्तम, पण वरचे पंखे बंद करून.

तापमानाचंही लिहावं. जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी आपल्याकडची हवा सुमारे बारा टक्के विरळ असते, त्यामुळे तोच ग्लायडर साधारण सहा टक्के जास्त वेगानं उडतो. उतार जवळपास तोच राहतो. पण जानेवारीत बसवलेली फेक मे महिन्यात हळू पडते, आणि कारण माहीत नसेल तर गट उगाच मेणमातीशी खेळत बसतो. उन्हात उभ्या कारमध्ये ग्लायडर ठेवू नये हेही सांगून टाकतो. पंख वाकतो, टेपचा गोंद सुटतो.

मग एका वेळी एकच बदल. बोलायला सोपं, पाळायला कठीण, कारण पाच जणांच्या गटात पाच कल्पना असतात आणि सगळ्या एकदम करून पाहायची घाई असते. समजा पाच फेकींची अंतरं ११, १३, १२, ९, १३ मीटर आली. शेपटीखाली कागदाची एक घडी घातली आणि पुढच्या पाच १२, १४, १२, १३, १० आल्या. सुधारणा झाली का? १४ पाहून मुलं हो म्हणतील. दोन्ही रांगा चढत्या क्रमानं लावा: मधला आकडा दोन्हीकडे १२ आहे. चार मीटरच्या विखुरणीत एखाद्या मीटरचा फरक बुडून जातो. मग घडी काढून पुन्हा पाच फेका, पुन्हा घालून पाच. मधल्या वेळेत ऊन वाढलं असेल, दवानं पंख जड झाला असेल, फेकणाऱ्याचा हात थकला असेल. जुन्या मांडणीकडे परत गेल्याशिवाय हे कळत नाही. मला या कामातला सगळ्यांत सुंदर क्षण हाच वाटतो, जेव्हा एखादं मूल स्वतःची आवडती कल्पना वहीतल्या आकड्यांकडे बघून बाजूला ठेवतं, आणि कुणी त्याला ते सांगितलेलं नसतं.

राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरनं गणितापेक्षा पुष्कळ कमी उचल दिली, तेव्हा ते घरी परतून मोजायला बसले. लाकडी पेटीत पंखा लावून वाऱ्याचा बोगदा केला आणि पंखांचे सुमारे २०० छोटे नमुने तपासले. त्यात कळलं की त्या काळी बहुतेक जण वापरत होते तो हवेच्या दाबाचा जुना स्थिरांकच फार मोठा धरलेला होता. १९०२ चा त्यांचा ग्लायडर या मोजमापांतून निघाला, आणि १७ डिसेंबर १९०३ चं इंजिनाचं उड्डाण त्याच्यामागून आलं. दोघं भाऊ एकमेकांशी तासन् तास वाद घालत. गटात वाद व्हावेत. फक्त त्यांचा निकाल टेप लावून व्हावा.

उड्डाण वाचणं

फेकल्यावर ग्लायडर सरळ नाकावर गेला तर नाक जड आहे किंवा पंख-शेपटीतला कोन कमी आहे. वर चढून थबकला आणि नाक टाकून पडला, तर त्यानं उचल हरवली: म्हणजे स्टॉल. पंख हवेला साधारण दहा-बारा अंशांपेक्षा जास्त कोनात भेटला की वरची हवा त्याला सोडून जाते. अशा वेळी नाकावर थोडं वजन वाढवा.

पण घाई करू नका. एक लाटेसारखी हालचाल अशी असते की ती स्टॉल नसतेच. ग्लायडर किंचित चढतो, वेग कमी होतो, खाली येतो, वेग वाढतो, पुन्हा चढतो. इंग्लंडचे इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिला फ्यूगॉइड असं नाव दिलं. तिचा कालावधी जवळपास फक्त वेगावर ठरतो: मीटर प्रति सेकंदातला वेग गुणिले ०.४५. आपल्यासाठी सव्वादोन सेकंद, आणि तेवढ्या वेळात ग्लायडर ११ मीटर जातो. आपलं अख्खं उड्डाण तेरा मीटरचं! म्हणजे हाताच्या फेकीत आपल्याला या लाटेचा एकच उंचवटा दिसतो, आणि तो बहुतेक वेळा जोरात फेकल्यामुळेच आलेला असतो. अशा उंचवट्यावर औषध म्हणून मेणमाती लावली तर चांगला ग्लायडर बिघडतो. आधी फेक तपासा, मग ग्लायडर.

नाकाचं वजन आणि शेपटीचा कोन, दोन्हींनी नाक खाली येतं. मग हलवायचं कोणतं? यासाठी मुद्दाम थोड्या जास्त वेगानं एक फेक करा. ग्लायडर झपकन वर उसळला, तर बिंदू फार पुढे आहे आणि कोनही फार आहे. दोन्ही थोडे थोडे कमी करा: मेणमाती काढा आणि पंखाखालची पट्टी पातळ करा. जास्त वेगानं फेकूनही तो आळशीपणानं तसाच खाली जात राहिला तर बिंदू फार मागे गेला आहे. शेपटीखाली कागदाच्या घड्या वापरताना लक्षात ठेवा, ७ सेंटीमीटरच्या शेपटीला एक मिलीमीटर म्हणजे पाऊण अंशाच्या वर. बदल घडी-घडीनं व्हावा.

ग्लायडर एका बाजूला वळत असेल तर आधी पंखाचा पीळ बघा, मग दोन्ही पंखांचं वजन, सगळ्यांत शेवटी उभी शेपटी. मुलं उलट क्रमानं जातात, कारण उभी शेपटी वाकवणं सगळ्यांत सोपं असतं. मग ग्लायडर कमी वेगाला एकीकडे आणि जास्त वेगाला दुसरीकडे वळायला लागतो, आणि दुरुस्तीला अंत राहत नाही.

हाताच्या फेकीत ग्लायडर सलग सरळ आणि सारखा उडायला लागला की दोरीनं वर नेता येतो. दोरी साध्या सुताची, आणि आकडा गुरुत्वमध्याच्या थोडा पुढे, खालच्या बाजूला. नायलॉनचा मांजा कोणत्याही कारणासाठी नको. त्याच्यावर बंदी आहे आणि त्यानं गळे कापले आहेत. संक्रांतीच्या आधीचे दोन आठवडे मैदानावर तुटका मांजा पसरलेला असतो, तेव्हा दोरीच्या चाचण्या पुढे ढकलाव्या. खामला, सोनेगाव आणि वर्धा रोडच्या बाजूची मैदानं विमानतळाच्या जवळ पडतात, तिथे दोरीनं उंच काहीही सोडू नये.

तीस मीटर दोरीवरून सुटलेला ग्लायडर ठीक असेल तर चाळीस-पन्नास सेकंद हवेत राहतो. इथे त्याला मुद्दाम हलकं वळण द्यावं लागतं, नाहीतर तो सरळ मैदानाबाहेर जातो. उभ्या शेपटीला मागे एक-दीड मिलीमीटरची पट्टी लावली की पुरे. आणि सकाळी उशीर झाला, वर घारी पंख न हलवता गोल फिरत असतील, तर तिथे तापलेली हवा वर चढते आहे. आपला ग्लायडर सेकंदाला ६० सेंटीमीटर खाली येतो; हवा सेकंदाला एक मीटरनं वर जात असेल तर तो खाली येणारच नाही, वर जाईल आणि वाऱ्याबरोबर वाहत जाईल. म्हणून दोरीवर जाण्याआधी एक व्यवस्था करून ठेवावी: आडवी शेपटी पुढच्या बाजूला रबरानं बांधा आणि मागची धार ठरावीक वेळानं झटकन चाळीसेक अंश वर उठेल अशी सोय करा. शेपटी उठली की पंखाची उचल संपते आणि ग्लायडर आडवाच, सावकाश खाली येतो. वेळ लावायला चावीच्या खेळण्यातलं छोटं घड्याळयंत्र चालतं. ते आधी हातात धरून, मग जमिनीवर, मग हाताच्या फेकीत तपासून घ्या. पंखाच्या खाली गटाचा फोन नंबर ठळक लिहा.